एकशे नव्वद कोणाचे?

जीजाजी आता बरे आहेत, म्हणून हसत सांगतोय. रविवारी आम्ही दोघं सायकलवर निघालो. पलासियाला सिग्नलवर थांबलो, तर माझ्या नव्या सायकल कॉम्प्युटरवर हृदयाचे ठोके एकशे नव्वद! मी हादरलो, फुटपाथवरच बसलो.

"घबरा मत भिया, काही होत नाही," म्हणत जीजाजी रुमालानं वारा घालू लागले. आकडा उतरेचना. रडवेला होऊन ताईला फोन लावला.

ती म्हणाली, "अरे, ठोके मोजणारा तुझा पट्टा इथे सोफ्यावरच राहिलाय! छातीला पट्टा ह्यांनी बांधलाय. तुझा कॉम्प्युटर जवळचा तोच पट्टा पकडून ह्यांचे ठोके दाखवतोय!"

वर पाहिलं. जीजाजी पांढरेफटक, घामानं निथळत होते. रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट कौन है?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.