नळी कुठं लावायची

गंगाखेडच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"लिंबाजी पाणी प्यायला गेलाय तवर सांग, त्याला दम कशानं लागतोय म्हणले डॉक्टर?"

"ह्यांचं काळीज उजव्या अंगाला हाय, आत्याबाई. त्यात भोकबी हाय. जलमापासूनच. आता ऊसतोड बंद म्हणले."

"अगं बया! अन् मी त्याला फडात आळशी म्हणून शिव्या घातल्या!"

"डॉक्टरनं आदी डावीकडं नळी लावली. ठोकेच नीट ऐकू येईनात. लय घाबरले."

"मग?"

"मी म्हणलं, उजवीकडं लावा."

"पोटचं पोर माझं, मला कधी कळलं न्हाई. तुला गं कसं ठावं?"

मागं बांगड्या वाजल्या.

"बोल की!"

"उठा आत्याबाई, गाडी लागली."

मी वळून पाहिलं. फलाटावर एकही गाडी नव्हती.