मुलं किती, अंकात आणि अक्षरात

— नाही नाही, धनसिंगभाऊ, 'देवाच्या दयेनं आहेत' असं नाही चालत इथं! आकडा लागतो. किती? बोट काय दाखवता, बोला की. अहो, भडगावहून उठून जळगावात आलात, आज गिरणीत चिकटलात, आणि पोरं मोजायला घाबरता? मोजली की नजर लागते — ठाऊक आहे, ठाऊक आहे, माझी आईही हेच म्हणते. पण सरकारनं मुलांमागे इन्कमटॅक्सात सूट काढली ना, मग मोजणं आलंच. आता तुमच्या-माझ्या पगाराला कुठला टॅक्स लागतोय! पण मोठे साहेब म्हणतात, नवा माणूस लागला की फॉर्म भरायचाच, आणि जुन्यांनी दर मार्चात नव्यानं. म्हणून हा गिरधर कारकून बसलाय सकाळपासून —

एक? एकच ना? मग एवढं लाजायचं काय! लिहितो — अंकात एक, अक्षरात एक. नाव? — उखर्डू! नाही, हसत नाही मी — बरं, हसलो थोडा. या गठ्ठ्यातला चौथा उखर्डू हा, चिंधे तर विचारूच नका. नाव ऐकलं की मला कळतं, याच्या आधीचं गेलेलं. — दोन? दोन गेले? हं. म्हणून उकिरड्यावर ठेवलंत आणि उचलून आणलंत, यमाला वाटावं टाकलेलंच आहे. चांगलं केलंत. खरंच म्हणतो, थट्टा नाही. माझा पहिला गेला, तेव्हा दुसऱ्याच्या बारशाला आई तिच्या अहिराणीत हात जोडत होती — "पोऱ्यानं नाव चिंधा ठेव रे भाऊ." मी मॅट्रिक झालेला, मी ऐकतोय होय! शशिकांत ठेवलं. शशिकांत गिरधर चौधरी — काय झोकात दिसतं फॉर्मवर! मागच्या मार्चात मीच लिहिलं, चांगलं वळणदार —

तो? तो कागद नका बघू. माझाच आहे. ठेवा खाली. — हो, दोन लिहिलंय. वच्छला आणि शशिकांत. त्यात काय? जुन्यांचे फॉर्म मागच्या वर्षीचे बघून उतरवतो मी, हात चालतो नुसता — सकाळी माझाही उतरवला. दोन. सहीसुद्धा ठोकली. मग वाचलं. — पोराला घटसर्प झाला, भाऊ. मार्गशीर्षात. डॉक्टर येईपर्यंत गळा — जाऊ द्या.

आता तीन वाजता शिपाई गठ्ठा घेऊन धुळ्याच्या मोटारीत बसणार. खोटं लिहिलं तर नोकरी जाते, सहीच्या वरच छापलंय. हा दुसरा कोरा काढलाय जेवणाच्या सुट्टीपासून. नाव, हुद्दा, बायकोचं नाव, सगळं लिहून झालं — एवढाच रकाना राहिलाय. चार वेळा टाक बुडवला, चार वेळा वाळला. तुमची सही बरी आहे हो, लिहिता येतं ना चांगलं? घ्या मग. लिहा — एक. हां. अक्षरात पण. — झालं? टिपकागद दाबा. — नका, खांद्यावर हात नका ठेवू, कचेरी आहे ही.

निघा आता. आणि बाहेर वना बसलाय ना, तुमच्यासारखाच आज लागलेला — त्याला म्हणावं, मुलांचा रकाना बाहेरच भरून आत ये. मी विचारणार नाही.