तीन नंबरचा पंप

जबाब देणारी: पंपचालकाची धाकटी बहीण, वय ३४ वर्षे, धंदा सॉफ्टवेअर लिहिणे, राहणार पाणीपुरवठा वसाहत, खोली सात.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एक नंबरचा पंप अचानक सुरू झाला. फिटर तो उघडून काम करत होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. पंप माझ्या थोरल्या भावाने नियंत्रण कक्षातून सुरू केला, म्हणून तो कालपासून तुमच्या कोठडीत आहे.

कक्ष दुसऱ्या इमारतीत आहे. तिथून पंपांचे संगणक ज्या सॉफ्टवेअरने चालवतात, त्यातला पत्ता वाचणारा भाग मी लिहिला. पत्त्यात आधी संगणकाचे नाव, मग दोन टिंबे, मग पोर्टचा आकडा. नाव म्हणजे इमारत, पोर्ट म्हणजे तिच्यातली खोली. एक नंबरच्या पंपाचा पोर्ट ५००१, तीन नंबरचा ५००३. आकडा लिहिलाच नाही तर ५००१ धरला जातो.

पूर्वी आकडा समजला नाही की सॉफ्टवेअर थांबून विचारत असे. सहा महिन्यांपूर्वी भाऊ जेवताना माझ्या मागे लागला, "तुझं ते सारखं काय गं विचारत बसतं? नुसतं डोकं उठवलंय." मी वैतागून ते विचारणे काढून टाकले. आकडा समजला नाही तर लिहिलाच नाही असे धरायचे, असे केले. हे मी कोणालाच सांगितले नाही.

काल भावाने पाळीची नोंद मराठीत लिहिली आणि कीबोर्ड तसाच ठेवून तीन नंबरचा पंप सुरू करायला पत्त्यात ५००३ टाकले. भावाने बरोबर आकडा टाकला होता. पण तो मराठी अंकांत होता, आणि माझ्या भागाला फक्त इंग्रजी अंक कळतात. तो न विचारता ५००१ ला गेला. संगणकावर सगळ्या पंपांचे पडदे दिसायला सारखेच, आणि वर पत्त्यात भावाला ५००३ च दिसत होते.

काल संध्याकाळी दवाखान्यात फिटरची बायको मला म्हणाली, "तुमच्या दादांनी असं कसं केलं हो?" भाऊ "मी तीनच टाकला" एवढेच म्हणतो आहे. घरी वहिनीलाही ते खरे वाटत नाही.

आज सकाळी मी माझ्या साहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "तू कशाला अंगावर ओढवून घेतेस? चार वाजता सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती जातेय, विषय संपला." ती चढली की कक्षातल्या संगणकावरची, काल टाकलेल्या पत्त्याची नोंद पुसली जाईल. मी तिथे गेले होते, मला आत सोडले नाही. आता तीन वाजून पाच मिनिटे झाली आहेत. तो संगणक चारच्या आत ताब्यात घ्यावा. माझी नोकरी जाईल हे मला कळते. मला भीतीही वाटते आहे.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी हवालदार संगणक आणायला निघाले. त्यानंतर जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'भावाने चुकीचा आकडा टाकला' असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले. 'चुकीचा'च्या जागी 'बरोबर' घातले आहे, आणि खोडलेल्या जागेशेजारी माझी सही आहे.