दुखवटा काढायला आलेली पोरं

माझं नाव गणपत. आडनाव राहू द्या, आडनावाचं काय करायचंय. गाव कराडच्या वरच्या अंगाला, शाळा तिसरीपातूर, तीबी धड न्हाई, कारण बा गेला आन् मामानं मला त्याच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यात ओढलं. धंदा म्हंजे काय, एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, रेकॉर्ड वाजवायचं एक मशीन आन् समदं वाहून न्यायला बैलगाडी. लगीन असू दे, बारसं असू दे, जत्रा असू दे, कर्णा झाडाला बांधायचा, वायर सोडायची, वाजवायचं. मामा गेल्यावर धंदा माझा झाला. तुमी हितल्या युनिव्हर्सिटीत कसलं संशोधन करता, तुमाला हे ऐकून काय मिळणार मला ठाव न्हाई, पण खाली बाकावर रोज नमस्कार करता, काका बोला म्हणता, तर बोलतो. मधीच थांबलो तर थांबू द्या.

लगीन झालं, शेवंता आली. मी वाजवायला पटाईत, पण माईक हातात धरला की जीभ जड व्हायची. एका लग्नात बोलणारा मास्तर आला न्हाई, पंगत बसवायची तर पुकारणार कोण, तर ही उठली, पदर खोचला, माईक घेतला आन् म्हणाली, वराकडच्या मंडळींनी आधी बसून घ्यावं, वधूकडच्यांनी वाढायला यावं, आन् ज्यांचं ज्यांचं भांडण असंल त्यांनी एकाच पंगतीत बसावं, जागा कमी हाय. समदा मांडव हसला. तवापासनं कर्णा माझा आन् आवाज तिचा. बाईमाणूस माईकवर बोलतंय म्हणून भावकीनं तोंडं वाकडी केली. मी म्हणलं, पोटात दुखत असंल तर ववा खावा.

आमचा संजय शिकला, पुण्याला लागला, मंग कंपनीनं त्याला सिंगापूरला धाडला. आमी दोघं म्हातारपणी हितं आलो, सेरंगूनला, बाराव्या मजल्यावर. मी काही रमलो न्हाई. शेवंता रमली. तिला भाषा येत न्हाई तरी लिफ्टमधल्या चिनी म्हातारीशी तिची दोस्ती, भाजीवाल्या तमिळ बाईशी दोस्ती, हातवारे करून बोलायची आन् समदं कळून घ्यायची. आन् नात मनू, ती तर तिच्याच पदराला. मनू हितंच वाढली, आमी मराठीत इचारायचं आन् तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, आजोबा कॅनॉट लाह, म्हंजे जमणार न्हाई, वर हितल्या बोलीतलं लाह शेपटासारखं. आजीशी मात्र मराठी बोलायची, मोडकी का हुईना.

मागल्या दिवाळीच्या तोंडावर शेवंता गेली. ताप आला, छातीत उतरला, इस्पितळात नेली ती परत आली न्हाई. काय सांगू तुमाला, ह्याच्यात सांगण्यासारखं काही न्हाईच. संजयनं अस्थी कृष्णा-कोयनेच्या संगमावर नेल्या. मी हितंच बसलो. लोक म्हणाले म्हातारा रडला न्हाई. न्हाई रडलो. रडून काय ती उठून बसणार व्हती.

आता दुखवट्याचं सांगतो, कारण समदी गोष्ट त्याच्यावरच हाय. आमच्याकडं घरात माणूस गेलं की सणवार बंद, गोडधोड बंद, नवं कापड बंद, वाजवणं-नाचणं तर न्हाईच. वरीसभर असं बसायचं. पण माणसानं वरीसभर तसं बसावं कसं, म्हणून बाहेरची माणसं येतात, सोयरे, माहेरची, गोड करून आणतात, घरातल्या थोरल्याच्या डोक्याला नवा फेटा बांधतात, चार घास खायला घालतात, आन् म्हणतात उठा आता. त्याला म्हणायचं दुखवटा काढला. आपला दुखवटा आपण काढायचा न्हाई, बाहेरच्यानंच काढायचा. गावाला असतो तर महिन्यात झालं असतं. हितं कोण येणार. तिचा भाऊ म्हातारा, त्याला गुडघ्यानं उठवत न्हाई तर इमानात कोण बसवणार. आन् संजय परमुलखात राहून गावापेक्षा कडक झाला. टीव्हीचा आवाज बंद, दिवाळीला पणती न्हाई, चहात साखर घालताना सूनबाई घाबरायची.

त्यात मनूची झुंज आली, म्हंजे नाचाचा सामना. मनू नाचते. साधं न्हाई, हातावर उलटं व्हायचं, डोक्यावर फिरायचं, भुईवर लोळून पाय भिंगरीसारखे फिरवायचे. मेट्रो ठेसनाजवळ पायी जायच्या भुयारी रस्त्यात काचेच्या भिंती हायत, त्यात आपलं रूप बघून ही पोरं सराव करतात. तिची टोळी चौघांची, ती एकटी पोरगी, आन् झुंजीला चौघं लागतात, तिघं चालत न्हाईत. दोन वर्सं ती पोरं ह्याच झुंजीसाठी घाम गाळत व्हती. संजय म्हणाला, आजीला वर्ष झालं नाही आणि तू नाचायला जाणार, लाज आहे का. ती म्हणाली, पपा यू डोन्ट अंडरस्टँड. तो म्हणाला, आजोबांना विचार, ते हो म्हणाले तर जा. त्याला ठाव व्हतं मी काय म्हणणार. मी म्हणलं, न्हाई. नाच म्हंजे नाच.

पोरीनं खोलीचं दार लावलं. जेवायला यायची, ताटात बघून खायची, उठून जायची. आजी गेली तवा तिचं अर्धं तोंड बंद झालतं, आता पुरतं झालं. मला वाटलं बायको गेली, आता ही नातबी जातीय हातातनं, घरात असून.

मंग एका सांजेला ती माझ्या शेजारी खाली बाकावर येऊन बसली, मराठीत बोलली, सगळं मराठीत, जुळवून जुळवून. म्हणाली, आजोबा, आधी ऐका, हे मजेसाठी निघालेलं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क, त्यात ब्रॉन्क्स म्हणून भाग. काळी माणसं, बेटांवरनं आलेली माणसं, समदी गरीब. मोठा रस्ता वस्तीच्या पोटातनं नेला, घरं पाडली, आन् जी राहिली त्यांच्या मालकांनी इम्याच्या पैशापायी आपल्याच इमारती पेटवल्या. वर्सानुवर्सं आगी लागत व्हत्या. कामधंदा न्हाई, शाळेतलं गाणंबजावणं बंद केलेलं, पोरांच्या टोळ्या झालेल्या, ही गल्ली माझी आन् ती तुझी, पाय ठेवला तर सुरा. अशा जागी एका पोरीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे व्हते, म्हणून तिनं इमारतीच्या खालच्या खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला, थोडं तिकीट लावलं, आन् गाणी लावायला बसवला आपल्या भावाला. जमैका बेटावरनं आलेलं कुटुंब, तिकडं रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून वाजवायची रीत, ती त्यानं बघितलेली.

मी म्हणलं, म्हंजे माझाच धंदा की. ती म्हणाली, तेच सांगते. त्या पोरानं बघितलं की गाण्यात मधी एक जागा येते, गाणारा थांबतो, निस्तं ढोल-ताल उरतं, आन् नाचणारे त्या जागेचीच वाट बघत उभे राहतात. पण ती जागा आली की सरली. तर त्यानं एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी आणल्या, दोन मशीनवर, हिच्यावरची जागा सरली की तिच्यावरची, तिच्यावरची सरली की हिच्यावरची, असं लांबवत न्यायचं. त्या जागेला ब्रेक म्हणतात, म्हणून आमचा नाच ब्रेक. काय सांगू, मला आमच्या वराती आठवल्या. वरातीत पोरं म्हणायची, गणपतदा, ती ढोलकी पुन्हा, आन् मी पिन उचलून मागं ठेवायचो, रेकॉर्डवर चरे पडायचे, शेवंता म्हणायची, रेकॉर्ड खरवडा आन् मंग खरवडच खा. पण दुसरं मशीन मला कवा सुचलं न्हाई. जलमभर एकाच मशीनवर बसलो. त्या पोराला सुचलं. मानलं पाहिजे.

मी इचारलं, रस्त्यावर वाजवायचं तर करंट कुठला. म्हणाली, रस्त्याच्या दिव्याच्या खांबातनं घ्यायचे. मी म्हणलं, आकडा टाकला. तिला आकडा ठाव न्हाई, सांगितला, तर हसली, किती दिसांनी हसली. मंग म्हणाली, वाजवणाऱ्याच्या बाजूला एकजण माईक घेऊन उभा असायचा, अमका आला, तमक्याची आई बाहेर बोलावतीय, असं पुकारायचा, आन् पुकारता पुकारता यमकं जुळवायला लागले, तालावर बोलायला लागले, तेच पुढं गाणं झालं. आमच्या दोघांच्या मधी कोण बसलंय ते दोघांलाबी ठाव व्हतं.

मंग तिनं आणखी एक सांगितलं. त्या कार्यक्रमाच्या थोडं आधीची गोष्ट. टोळ्यांचं भांडण पेटलं, आन् एका टोळीनं आपला एक माणूस समजूत घालायला पाठवला, हात मोकळे, तर समोरच्यांनी त्यालाच मारून टाकला. आता सूड घ्यायचा म्हणून समदी पोरं गोळा झाली. त्या मेलेल्याची आई म्हणाली, न्हाई. माझं पोर समेटासाठी गेलं, त्याच्या नावानं आणखी कुणाचं पोर मारायचं न्हाई. मंग टोळ्यांचे म्होरके एका जागी बसले, समेट झाला, आन् पोरं एकमेकांच्या गल्लीत जायला लागली. त्याच्यामुळंच पुढं नाच झाले, न्हाईतर दाराबाहेर कोण पडलं असतं. आता सुऱ्याच्या जागी नाचाची झुंज, हात लावायचा न्हाई, नाचून हरवायचं. मी इचारलं, त्या आईनं हे कवा म्हणलं, किती दिस गेल्यावर. मनू म्हणाली, लगेच, आजोबा. शी डिडन्ट वेट.

मंग जे खरं ते सांगितलं, की बाळ, मला राग न्हाई, पण माझ्या हातात न्हाई ते. दुखवटा बाहेरच्यानं काढायचा असतो, घरच्या म्हाताऱ्यानं काढला तर तो निघत न्हाई. तिनं इचारलं, बाहेरचे म्हणजे कोण. मी म्हणलं, जे गेलेल्या माणसाचे असतात ते. ती म्हणाली, ओके. आन् उठून गेली. मला वाटलं संपलं.

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. बाहेर तीन पोरं, एक मलय फरीद, एक चिनी वेई, एक तमिळ कार्तिक, मनूच्या टोळीतली. इस्तरीचे शर्ट घातलेले, बूट बाहेर रांगेत काढलेले, हातात डबे. फरीदच्या आईनं केळीच्या पानात बांधलेला नारळाचा गोड भात, वेईच्या आईनं लाल चवळीची खीर, कार्तिकच्या घरचं पायसम. आन् पिशवीत टोपी. फेटा कुठनं आणणार ती, मनूनं सांगितलं डोक्याला नवं काहीतरी घालतात, तर त्यांनी पुढं चोच असलेली टोपी आणली, वर त्यांच्या टोळीचं नाव शिवलेलं. संजय उठला, म्हणाला, मनू, हा काय पोरखेळ आहे, हे आपले कोण. मनू म्हणाली, आजीचे आहेत.

तवा मनूनं सांगितलं आन् मला कळलं. शेवंता दर शनवारी देवळात जाते म्हणून निघायची, पिशवीत लाडू घेऊन. देवळात जायची, खोटं न्हाई, पण तिथनं भुयारी रस्त्यात जायची, पोरांजवळ बसायची, त्यांना लाडू चारायची. चाळीस वर्सं जिनं माझ्याशिवाय माईक धरला न्हाई तिनं हितं मला पत्ता लागू दिला न्हाई. वेई म्हणाला, अंकल, आंटी ऑलवेज से धिस वन, आन् त्यानं मांडीवर ताल धरला. अर्थ कळत न्हाई बिचाऱ्याला, जीभ वळत न्हाई, तरी शबूद न् शबूद म्हणला,

भुईखाली धावते गाडी, वरती नांदतं गाव,
पोरांच्या ठेक्यावर घेते गणपतरावांचं नाव.

दुसऱ्या ओळीला तिघंबी म्हणाले. उखाणा हाय तो. आमच्या बायका नवऱ्याचं नाव असं यमकात घेतात, लग्नात, हळदीकुंकवाला. घरात कवा घेतला न्हाई हो तिनं, मला लाजायची. हितं, चिनी-मलयांच्या पोरांत, तालावर.

संजयनं भिंतीकडं तोंड केलं. मी त्याला म्हणलं, उभा काय राहतोस, पानं वाढ, दुखवटा काढायला माणसं आलीत. फरीदनं दोन्ही हातांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, लई जपून, जशी काय काचेची हाय. ती पोरं मांडी घालून बसली, वेईला मांडी घालता येईना, कार्तिक त्याला म्हणाला, सिट प्रॉपर्ली लाह, डोक्यावर फिरतोस आन् हे येत न्हाई. मी गोड घास खाल्ला. मंग रडलो. पोरांच्या देखत रडलो, त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, खाली बघून खात राहिली. चांगल्या घरची पोरं.

झुंज झाली जुरोंग ईस्टला, मॉलच्या पुढं. मी गेलो, संजय आला, खुर्च्या नव्हत्या, उभे राहिलो. पोरं पहिल्या फेरीत जिंकली, दुसऱ्या फेरीत हरली. ज्यांनी हरवलं ते लई चांगले व्हते, उगीच पोरीची बाजू घ्यायला मला येत न्हाई. हरल्यावर दोन्हीकडची पोरं गळ्यात गळे घालून उभी राहिली. संजय मनूला म्हणाला, हातावर उभी राहिलीस तेव्हा तोल गेला तुझा. ती म्हणाली, आय नो, पपा. दोघं घरापातूर त्या तोलावरच बोलत आले.

आता वरीस झालं. श्राद्ध झालं. घरात टीव्ही लागतो, सूनबाई चहात साखर घालते, मनू पुन्हा टिवटिव करते, कॅनॉट लाह, कॅन लाह. घराचा दुखवटा निघाला. माझा न्हाई निघाला, तो निघायचाबी न्हाई, पन्नास वर्सांचा संसार हाय, चार घासांनी कसा निघंल. सकाळी उठलो की अगं म्हणून हाक जाते तोंडातनं. पण समद्या घरानं मिळून जे ओझं उचललं व्हतं ते आता माझ्या एकट्याकडं आलं, आन् ते बरं झालं. पोरीच्या खांद्यावर नको ते. मला पेलवतं. तुमी बी तरणे हाय, आईबापापासनं लांब, जेवणखाण वेळेवर करत जावा. देव तुमाला सुखी ठेवो. बस, आता उठतो, ऊन कलायला लागलं.