वानखडे सरांचं मोठं मन

मले सांगा, राग येईन का नाई? अमरावतीच्या वाचनालयात आमच्या वानखडे सरानं तासभर भाषण ठोकलं. विषय काय, तं फ्रान्सचे लेखक अन् चित्रकार, अन् त्यांची प्रेमं. एकाची बायको दुसऱ्यावर जीव टाकते, दुसऱ्याची तिसऱ्यावर, अन् सारे एकाच टेबलावर कॉफी पिऊन राहिले. सर म्हणे, "याले म्हणतात मोठं मन."

अन् याच माणसानं आठ दिवसाआधी सोताच्या पोरीच्या लग्नाले साफ नाई म्हटलं. पोरगा दर्यापूरचा, शाळेत चित्रकला शिकवते, पण जातीतला नाई. पोरगी तवापासून धड जेवून नाई राहिली.

आभार मानायचं काम माह्याकडं होतं. मी माईकवर म्हटलं, "आता सरांचा सत्कार दर्यापूरचे चित्रकार करतीन." पोरगा शाल-नारळ घेऊन वर चढला. शाल घातली अन् पाया पडला. भरल्या सभेत आशीर्वाद नाकारता येते का? सरांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत आला अन् तिथंच थांबला.

"टेकवा ना सर," मी म्हटलं, "हा तं बिचारा एकाच पोरीवर प्रेम करते."