ऑर्विलच्या पोराचं गाणं

टेक्सासातल्या आमच्या गावी शनिवारी भाजलेल्या मटणासाठी रांग लागते. पुढे डान्स हॉलची तिकीटवाली व्हर्ना लरलीनला सांगत होती.

“ऑर्विलच्या पोराने काल डान्स हॉलमध्ये स्वतःचं गाणं म्हटलं.”

“परत? मागच्या वेळी सगळे बिअर आणायला उठले होते.”

“काल नाचायला उठले. नाचताना पाय सरकावेत म्हणून फरशीवर टाकलेला लाकडाचा भुसा दिसेना, इतकी गर्दी.”

“थापा मारू नकोस.”

“अगं, मी दाराशीच होते तिकिटं फाडत. हॉलवाल्याने त्याला पुढचे सगळे शनिवार दिलेत. म्हणाला, स्वतःच्या गाण्यावर ज्याने आमची माणसं नाचवली, त्याला टेक्सासभर मरण नाही.”

“पण पहिलं कोण उठलं? पहिलं उठायला कुणी धजत नाही.”

“ऑर्विल.”

“काय सांगतेस? बायको गेल्यापासून तो हॉलची पायरी चढला नव्हता. पोराला गिटार विकायला तोच सांगायचा.”

“तोच. दुसऱ्या कडव्याला टोपी काढून सरळ उठला.”

“आणि नाचला कुणाबरोबर?”

“रांग सरकली बघ, हो पुढे.”

“व्हर्ना, दाराशी भुसा नसतो. तुझ्या बुटांना कुठून लागला?”