डाव्या पायाचा क्लच

थर्मन : तो लाल ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा. म्हातारा आहे, पण कडाक्याच्या थंडीतसुद्धा पहिल्या झटक्यात सुरू होतो.

एलवूड : असल्यावरच शिकलो मी. डोळे मिटून चालवीन.

मार्लिस : डोळ्यांचं कोण बोलतंय, बाबा. मी पायाचं म्हणतेय.

एलवूड : झालं सुरू हिचं. थर्मन, तुला पोरगी नाही ते बरंय.

थर्मन : सुना आहेत ना. भरपाई होते.

मार्लिस : काका, हिवाळ्यात यांची डावी बाजू गेली होती. आत्ता कुठे काठी सुटलीये. मी मॅडिसनला माझ्या घराजवळ यांच्यासाठी जागा बघून ठेवलीये, आणि हे निघालेत ट्रॅक्टर घ्यायला.

एलवूड : तिथं काय करू? खिडकीतून गाड्या बघू? इथं अंगणात गवत कमरेएवढं झालंय. तुझ्या आईच्या लायलॅकच्या फुलझाडावर रानवेल चढलेत. तळ्याकडची दगडी भिंत ढासळलीये. मला बसवत नाही, मार्लिस. नुसत्या येरझाऱ्या घालतो.

मार्लिस : माणूस लावू या कामाला.

एलवूड : लावलास की. त्यानं अ‍ॅस्परॅगसचा वाफा तण म्हणून कापून काढला.

मार्लिस : मग निदान तो नारिंगी तरी बघा. त्याला सीटमागे लोखंडी कमान आहे. उलटला तरी माणूस वाचतो.

एलवूड : खेळणं आहे ते.

थर्मन : खेळणं कसलं. वीस वर्षं माती उचलतोय, गवत कापतोय. त्याला क्लच नाही, एलवूड. उजव्या पायानं पेडल दाबलं की चालतो, सोडलं की थांबतो.

एलवूड : लाल ट्रॅक्टरची किल्ली दे.

मार्लिस : देऊ नका, काका.

थर्मन : बसूनही बघू द्यायचं नाही, तर आणलंस कशाला त्यांना? घे, एलवूड. पहिल्याच गिअरमध्ये हं.

(इंजिनाचा आवाज. मग लाकडांची रास कोसळल्याचा.)

मार्लिस : किल्ली फिरवा, बाबा. बाबा, किल्ली.

थर्मन : बंद केला मी. लागलं का रे कुठे?

एलवूड : नाही. तुझी लाकडं पाडली.

थर्मन : लाकडं काय, रचता येतात.

एलवूड : मी क्लच दाबला होता. म्हणजे मला वाटलं, दाबलाय. पाय खाली पत्र्यावरच होता, थर्मन. कळलंच नाही मला.

मार्लिस : उतरा. माझा हात धरा. घरी जाऊ या.

एलवूड : तिथं तू उभी असतीस तर?

मार्लिस : नव्हते ना.

एलवूड : असतीस तर.

थर्मन : मी कॉफी आणतो.

एलवूड : कॉफी राहू दे. तो नारिंगी काढ बाहेर.

मार्लिस : आत्ता? एवढं झाल्यावर पुन्हा बसणार?

एलवूड : म्हणून तर तू बसायचंस.

मार्लिस : मला कुठे येतं? तुम्ही आर्नीदादाला शिकवलंत. मला म्हणायचात, लांब उभी राहा.

एलवूड : हो, म्हणायचो. सपाटीचं गवत मी कापीन, जमेल तसं. तळ्याकडच्या उताराचं तू. शनिवारी येत जा.

मार्लिस : आणि मॅडिसनची जागा?

एलवूड : बर्फ पडेपर्यंत थांब. मग बोलू.

मार्लिस : नक्की बोलाल?

एलवूड : बोलीन. चढ आता. आधी ब्रेक बघून घे.